सशांच्या खाद्यांतील तेल : किती, कोणतें व कसें?



पुणें शहराच्या कडेच्या वस्त्यांत व आसपासच्या खेड्यांत कांहीं कुटुंबें घरामागच्या पडवींत पिंजरे ठेवून ससे पाळितात. गाईला जागा लागते, शेळीला चरण्यास रान लागतें. सशाला मात्र सावलींतला पिंजरा, ओंजळभर चारा व माणसाचें नित्य लक्ष एवढें पुरतें. मादी सुमारें ३१ दिवसांत विते, एका वेळीं बहुधा सहा-सात पिल्लें देते, आणि चांगलें खाद्य मिळाल्यास पिल्लें तीन महिन्यांत दोन किलोंच्या आसपास भरतात. म्हणून थोड्या भांडवलाच्या माणसास हा जोडधंदा बरा वाटतो.

आतां अशी कल्पना करा कीं, एका घरीं चार माद्या व वीस पिल्लें आहेत. तीं पिल्लें विकून जून महिन्यांत मुलांच्या वह्या-पुस्तकांचा व शाळेचा खर्च भागवावा, असा घरच्यांचा विचार आहे. इतक्यांत चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागतें, पिल्लें खाईनाशीं होतात, वजन जागच्या जागीं राहतें. एक शेजारी येऊन सांगतो, "अहो, खाद्यांत तेल ओता, म्हणजे ससे आठ दिवसांत गुबगुबीत होतील." दुसरा म्हणतो, "तेल द्याल तर हगवण लागून एकही वांचणार नाहीं." घरची माउली तेलाची बाटली हातांत धरून उभी राहते, आणि कोणाचें ऐकावें हें तिला समजत नाहीं.

दोघांच्याही बोलण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु दोघांनींही एक गोष्ट विचारिली नाहीं. ती ही कीं, ह्या घरच्या खाद्यांत अगोदरच तेल किती आहे? आजच्या धड्यांत हाच प्रश्न सोडवावयाचा आहे. प्रचारक बंधूंनीं हा धडा ससे पाळणाऱ्या मंडळींस वाचून दाखवावा, व शेवटीं दिलेले प्रश्न विचारावे.

आरंभीं एक सूचना. रानांतला ससा आणि पाळीव ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. रानांतल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्याला फासे लावणें, धरणें किंवा मारणें हा गुन्हा आहे. आपण येथें बोलतों तें न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला इत्यादि पाळीव जातींविषयीं.

१. ससा खाल्लेलें अन्न कसें पचवितो

गाईचें किंवा शेळीचें पोट चार कप्प्यांचें असतें. गिळलेला चारा पहिल्या मोठ्या कप्प्यांत आंबतो, आणि मग ती स्वस्थ बसून रवंथ करिते. सशाचें पोट एकच असतें. परंतु त्याच्या लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यापाशीं एक भली मोठी पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. चाऱ्यांतला जो भाग लहान आंतड्यांत पचत नाहीं, त्यांतला बारीक भाग ह्या पिशवींत जाऊन सूक्ष्म जंतूंच्या योगानें आंबतो.

ह्या आंबलेल्या पदार्थाच्या मऊ, ओलसर लेंड्या होतात, आणि ससा त्या बाहेर पडतांच थेट तोंडांत घेऊन गिळतो. असें तो बहुधा विश्रांतीच्या वेळीं करितो, म्हणून पुष्कळ पाळणाऱ्यांच्या तें दृष्टीसही पडत नाहीं. हें घाण खाणें नव्हे, तर जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व जीवनसत्त्वें पुनः पोटांत घेण्याची ही त्याची स्वाभाविक रीत आहे. १८८२ सालीं मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें ह्या गोष्टीचें वर्णन केलें. लेवीय ११:६ मध्यें सशाला रवंथ करणारा म्हटलें आहे, तें वाचून ज्यांना कोडें पडतें त्यांनींही ही गोष्ट ध्यानांत घ्यावी : गाईचा मार्ग निराळा आहे, पण एकदां खाल्लेलें पुनः तोंडांत घेणें सशाच्या ठायींही आहे.

ह्यावरून तेलासंबंधानें दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, तेल अंधनालापर्यंत पोंचण्याच्या आधींच लहान आंतड्यांत पचून अंगांत शोषलें जातें. गाईच्या पोटांत जंतु तेलाचें रूप पुष्कळ पालटून टाकितात. सशाच्या अंगांत तें बहुतेक जसेंच्या तसें उतरतें. दुसरी ही कीं, अंधनालांतील जंतूंचें काम तंतुमय चाऱ्यावर चालतें. गवत काढून घेऊन त्याच्या जागीं भरडा, भाकरी किंवा तेल वाढविलें, तर ह्या कामांत बिघाड होतो व हगवण लागते. दुसऱ्या शेजाऱ्याचा अनुभव बहुधा ह्याच कारणाचा असतो.

२. मग तेल पाहिजे कशाला?

पहिलें कारण शक्ति. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून जितकी उष्णता मिळते, तिच्या सुमारें सव्वादोनपट एक ग्रॅम तेलापासून मिळते. उन्हाळ्यांत ह्याचा विशेष उपयोग होतो. सशाला घाम येऊन अंग थंड होत नाहीं. तो कानांवाटे व श्वासावाटे उष्णता बाहेर टाकितो. हवा फार तापली म्हणजे तो खाणेंच कमी करितो, कारण अन्न पचवितांना अंगांत आणखी उष्णता उत्पन्न होते. तेल पचवितांना ही उष्णता सर्वांत कमी निघते. म्हणून थोड्या खाण्यांत त्याला अधिक शक्ति मिळते.

परंतु येथेंच एक खोंच आहे. ससा आपल्या शक्तीची गरज भागली म्हणजे खाणें थांबवितो. तेल घातल्यावर तो थोडें खाऊन थांबेल, आणि त्या थोड्या घासांत प्रथिनें, क्षार व तंतु हेही थोडेच जातील. म्हणून तेल वाढवून पेंड व चुनी यांचें प्रमाण तसेंच ठेवलें नाहीं, तर मांस न वाढतां पोटांत चरबी सांठते. गुबगुबीत दिसणारा ससा नेहमींच वजनदार नसतो, आणि लठ्ठ मादी गाभण राहण्यास अडते.

दुसरें कारण असें कीं, कांहीं स्निग्धाम्लें प्राण्याच्या अंगांत तयार होत नाहींत. तीं खाण्यांतूनच यावीं लागतात. १९२९ सालीं अमेरिकेंत जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर ह्या पतिपत्नींनीं उंदरांना स्निग्धरहित अन्न देऊन पाहिलें. त्यांची वाढ खुंटली व कातडी खवल्यांसारखी झाली. त्यावरून ह्या आवश्यक स्निग्धाम्लांचा शोध लागला. त्यांतलीं मुख्य दोन म्हणजे लिनोलेइक व लिनोलेनिक. शिवाय अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशाबरोबरच अंगीं लागतात.

तिसरें कारण दूध. सशाची मादी आपल्या पिल्लांस दिवसांतून बहुधा एकदांच, आणि तेंही चार-पांच मिनिटेंच, पाजिते. एवढ्या थोड्या वेळांत पिल्लाचें पोट भरावयाचें, म्हणून तिचें दूध फार घट्ट असतें. गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा चारच्या आसपास, तर सशाच्या दुधांत शेंकडा दहाहूनही अधिक. पाजणाऱ्या मादीच्या खाद्यांत थोडें तेल असेल तर त्याचा लाभ मुख्यतः दुधाला, म्हणजे पिल्लांना होतो. म्हणून तेल थोडेंच परवडत असेल, तर तें आधीं पाजणाऱ्या मादीला द्यावें, नराला नव्हे.

आणखी एक बारीकसा फायदा : भरड्यांत किंचित् तेल चोळलें म्हणजे पीठ उडत नाहीं, आणि सशांना त्या धुळीनें शिंका येत नाहींत.

३. तेल किती?

शेतांत पाणी देतांना जसें आधीं जमिनींत ओल किती आहे हें पाहतात, तसेंच येथें करावें. खाद्याच्या प्रत्येक जिनसांत थोडें तेल असतेंच. एक साधा हिशेब पाहूं.

समजा, दहा किलो आंबोण तयार केलें. त्यांत मक्याचा भरडा ३ किलो, गव्हाचा कोंडा ३ किलो, हरभऱ्याची चुनी २ किलो व शेंगदाण्याची पेंड २ किलो घातली. वर थोडें मीठ व क्षारमिश्रण. मका व कोंडा यांत शेंकडा चारच्या सुमारास तेल असतें. दोन्हींचें मिळून सुमारें २४० ग्रॅम झालें. चुनींत सुमारें ५० ग्रॅम. आतां पेंड. घाण्याच्या पेंडींत शेंकडा आठपर्यंत तेल राहतें, म्हणजे दोन किलोंत १६० ग्रॅम. एकूण ४५० ग्रॅम, म्हणजे शेंकडा साडेचार. हें सशाला पुष्कळ झालें. ह्या घरीं बाटलींतलें एक थेंबही तेल घालण्याची गरज नाहीं.

उलट, तीच पेंड कारखान्यांत द्रावणानें तेल काढून घेतलेली असेल, तर तिच्यांत शेंकडा एकच तेल उरतें. मग पेंडीचे २० ग्रॅम धरून एकूण ३१० ग्रॅम, म्हणजे शेंकडा तीनच्या थोडें वर. येथें दहा किलोंस १०० ते १५० ग्रॅम तेल चोळण्यास हरकत नाहीं.

सर्व मिळून स्निग्धांश शेंकडा तीन ते पांच असावा, व वरून घातलेलें तेल शेंकडा दोनाच्या पलीकडे जाऊं नये, असा घरगुती नियम ठेवावा. वाढणाऱ्या सशाचें शेंकडा दोन स्निग्धांशावरही चालतें; त्याहून अधिक तें जोड म्हणून. विकत मिळणाऱ्या गोळीखाद्यांत तेल आधींच धरलेलें असतें. पोत्यावरचा तक्ता वाचावा व वरून कांहीं घालूं नये.

मोठ्या सशाला दिवसाला सुमारें १०० ग्रॅम, पाजणाऱ्या मादीला सुमारें १५० ग्रॅम व दूध तुटलेल्या पिल्लाला ५० ते ७५ ग्रॅम आंबोण लागतें. शिवाय हिरवा चारा निराळा. तेव्हां शेंकडा दीड प्रमाणानें मोठ्या सशाच्या वांट्याला वरचें तेल दीड ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा येतें. बाटली कलंडून ओतणाऱ्यानें हा चमचा डोळ्यांपुढें ठेवावा.

४. कोणतें तेल?

आपल्या महाराष्ट्रांत तेलबियांची वाण नाहीं. प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे.

करडई व सूर्यफूल : ह्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असतें, जुन्या जातींच्या करडईच्या तेलांत तर शेंकडा ७५ च्या आसपास. हीं सशाला मानवतात. परंतु उघडीं राहिल्यास लवकर खवट होतात.

शेंगदाणा : घरोघरीं मिळणारें व चालणारें तेल. मात्र शेंगदाणा बुरशीचा नसावा. त्याविषयीं पुढें सांगूं.

जवस : ह्यासच कोणी अळशी म्हणतात. ह्याच्या तेलांत निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतें, आणि हें आम्ल इतर तेलांत फार थोडें सांपडतें. पण ह्या तेलाइतकें लवकर बिघडणारें तेलही दुसरें नाहीं. रंगाच्या दुकानांत मिळणारें जवसाचें उकळलेलें तेल सशाला कधींही देऊं नये. तें लवकर वाळावें म्हणून त्यांत धातूंचीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. बी द्यावयाचें झाल्यास भाजून, कुटून, मूठभरच द्यावें. कच्च्या जवसाचें पीठ भिजत ठेविलें असतां त्यांतून विषारी वायु सुटतो.

खोबरें : हें तेल लवकर खवट होत नाहीं, पण त्यांत आवश्यक स्निग्धाम्लें नांवालाच असतात. एकट्या ह्याच तेलावर विसंबूं नये.

सरकी : शुद्ध केलेलें सरकीचें तेल चालतें. सरकीची पेंड मात्र सशाला देऊं नये. तिच्यांत गॉसिपॉल नांवाचें विषारी द्रव्य असतें. म्हशीच्या मोठ्या पोटांत त्याचा जोर मोडतो. सशापाशीं तसें पोट नाहीं. गोठ्यांतली पेंड पिंजऱ्यांत टाकण्याची चूक येथेंच होते.

एरंड, करंज, कडुनिंब : ह्यांचें तेल व पेंड हीं खतासाठीं किंवा औषधासाठीं. एरंडीच्या पेंडींत प्राणघातक विष असतें. हीं पोतीं खाद्याच्या खोलींत ठेवूंच नयेत.

तूप, लोणी, चरबी : ससा हा केवळ वनस्पति खाणारा प्राणी आहे. ह्याविषयीं एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९१३ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कोव्ह व चालातोव्ह यांनीं सूर्यफुलाच्या तेलांत कोलेस्टेरॉल विरघळवून तें सशांना चारलें. त्या सशांच्या रक्तवाहिन्यांत मेदाचे थर बसले. ज्या सशांना नुसतें सूर्यफुलाचें तेल दिलें होतें, त्यांच्या रक्तवाहिन्यांत तसे थर दिसले नाहींत. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या स्निग्धांशांत असतें, आणि सशाला तें सोसत नाहीं. मनुष्याच्या हृदयरोगाचा अभ्यास पुढें ज्या वाटेनें गेला, तिचा एक आरंभ ह्या सशांपाशीं आहे. आपल्यापुरता बोध एवढाच : सशाच्या खाद्यांत घालावयाचें तें वनस्पतीचें तेल, प्राण्याचें नव्हे.

५. जें तेल खाल्लें, तेंच अंगीं उतरतें

वर सांगितलें कीं, सशाच्या अंगांत तेल बहुतेक जसेंच्या तसें उतरतें. कोंबडीचेंही असेंच आहे, आणि ह्याचें उदाहरण पुण्यांतच आहे. पुण्याच्या भारती विद्यापीठांतील संशोधकांनीं राष्ट्रीय कृषि नवोपक्रम प्रकल्पाखालीं जवसाचा अभ्यास हातीं घेतला होता. हा राष्ट्रीय प्रकल्प २००६ पासून २०१४ पर्यंत चालला. त्यांत कोंबड्यांना खाद्यांतून जवस दिला असतां अंड्यांत ओमेगा-३ वर्गांतलीं स्निग्धाम्लें वाढतात, ह्या गोष्टीचा उपयोग करून तशीं अंडीं तयार करण्यांत आलीं.

सशाच्या मांसाविषयींही निरनिराळ्या देशांतील प्रयोगांत हेंच आढळलें आहे. जवसाचें तेल दिलें तर मांसांत लिनोलेनिक आम्ल वाढतें. करडई-सूर्यफुलाचें दिलें तर लिनोलेइक वाढतें. खोबऱ्याचें दिलें तर मेद घट्ट होतो. जसें पेरावें तसें उगवतें, ह्याचा हा पिंजऱ्यांतला दाखला आहे.

तथापि कोणी असें समजूं नये कीं, घरच्यांना जवसाचा लाभ व्हावा म्हणून तो सशामार्फतच दिला पाहिजे. जवसाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली, तर तोच लाभ अधिक स्वस्तांत व अधिक पूर्णपणें मिळतो. सशाला तेल द्यावयाचें तें सशाची वाढ व मादीचें दूध यांसाठीं. आणि अशा पातळ तेलावर वाढलेल्या सशाचें मांस लवकर खवट होतें. म्हणून विक्रीच्या आधीं कांहीं दिवस वरचें तेल बंद करणें शहाणपणाचें.

६. दोन शत्रु : खवटपणा व बुरशी

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या धड्यांतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तेल थोडें कमी पडल्यानें ससा मरत नाहीं; परंतु बिघडलेलें तेल व बुरसटलेली पेंड यांनीं पिंजरेच्या पिंजरे रिकामे होतात.

तेलाला हवा, ऊन व उष्णता लागली म्हणजे तें खवट होतें. खवट तेल खाद्यांतल्या ई-जीवनसत्त्वाचा नाश करितें. १९३१ सालीं अमेरिकेंत गेट्श व पॅपेनहायमर यांनीं सशांना व गिनीपिगांना ई-जीवनसत्त्व नष्ट केलेलें खाद्य देऊन पाहिलें, तेव्हां त्यांच्या स्नायूंचा ऱ्हास होऊन ते दुबळे झाले. हिरवा ताजा चारा हा ह्या जीवनसत्त्वाचा गरिबाला परवडणारा सांठा आहे. लसूणघास, हरळी, शेवरी यांचा पाला रोज मिळणाऱ्या सशाला तेल मानवतें. नुसत्या भरड्यावर ठेवलेल्या सशाला तेंच तेल बाधतें.

भजी-वड्यांच्या कढईंतलें काळें पडलेलें तेल कोणी स्वस्त म्हणून आणितात. असें तेल देऊं नये. तेल पुनःपुनः तापविल्यानें त्यांत अपायकारक द्रव्यें सांठतात. म्हणूनच १ जुलै २०१८ पासून भारतांत असें नियमन आहे कीं, अशा द्रव्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेल्यास तें तेल मनुष्याच्या अन्नासाठीं वापरूं नये. जें माणसाला वर्ज्य, तें सशाला कसें चालेल?

आतां बुरशी. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्या अवधींत मेले. कारण कळेना. शेवटीं असें सांपडलें कीं, त्यांच्या खाद्यांत ब्राझील देशांतून आलेली शेंगदाण्याची पेंड होती व तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हें नांव पडलें. हें विष यकृतावर घाला घालतें, आणि ससा हा त्याला फार लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकीं एक आहे. ज्या पेंडीनें बैलाला कांहीं झालेलें दिसत नाहीं, तिनेंच पिल्लें दगावतात. हें विष भाजून किंवा शिजवून पुरतें जात नाहीं. तेल काढतांना त्याचा मोठा भाग पेंडींत राहतो, व न शुद्ध केलेल्या तेलांतही थोडा उतरूं शकतो. म्हणून घाण्याचें तेल घ्यावयाचें तर शेंगदाणा निवडलेला, वाळलेला व चांगला असावा.

पुण्याच्या बाजूला आषाढ-श्रावणांत हवा ओलसर असते. तेव्हां पेंडीचें पोतें जमिनीवर न ठेवतां फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावें. दहा-पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणावी. खपली हिरवट, काळपट किंवा कुबट वासाची दिसतांच सगळी टाकून द्यावी. वरची बुरशी खरवडून खालची पेंड देणें म्हणजे आपलेंच भांडवल जाळणें होय, कारण विष डोळ्यांना दिसत नाहीं. ससे एकाएकीं खाईनासे होऊन मरूं लागले, तर खाद्य ताबडतोब बदलावें, मेलेला ससा व खाद्याचा नमुना घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जावें. पुण्यांत औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पशुवैद्यांच्या मार्फत नमुना तेथें तपासणीस पाठवितां येतो. लाज किंवा आळस धरून मेलेला ससा उकिरड्यावर टाकिला, तर उरलेल्यांचें मरण टळत नाहीं.

७. तेल देण्याची रीत

तेल कधींही चमच्यानें सशाच्या तोंडांत ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन ससा गुदमरतो. आधीं मूठभर कोंडा घेऊन त्यांत मोजलेलें तेल हातानें चांगलें चोळावें, मग तो कोंडा सर्व आंबोणांत मिसळावा. असें केल्यानें तेल सर्वत्र सारखें लागतें.

तेल मिसळलेलें आंबोण उन्हाळ्यांत चार-पांच दिवसांचेंच तयार करावें, झांकणाच्या डब्यांत सावलींत ठेवावें. गव्हाणींत उरलेलें रोज काढून टाकावें.

नवीन तेल एकदम सुरू करूं नये. पहिल्या आठवड्यांत ठरविल्याच्या चौथाई, दुसऱ्यांत निम्में, मग पुरें. मध्येंच लेंड्या मऊ झाल्या, तर तेल बंद करून वाळलेलें गवत व स्वच्छ पाणी द्यावें. सुधारणा न दिसल्यास पशुवैद्यास दाखवावें. गवत मात्र सर्व काळ पिंजऱ्यांत असलें पाहिजे. उन्हाळ्यांत तेलापेक्षां आधीं सावली, वारा व थंड पाणी यांची सोय पाहावी. तापलेल्या पत्र्याखालीं ठेवलेल्या सशाला कोणतेंही तेल तारणार नाहीं.

दर आठवड्याला एका ठराविक दिवशीं पिल्लें तोलून वजन वहींत मांडावें. चार पिल्लांना तेलाचें व चार पिल्लांना बिनतेलाचें खाद्य देऊन महिनाभर पाहावें. शेजारी काय म्हणतो ह्यापेक्षां आपली वही काय म्हणते, तें अधिक विश्वासाचें.

आतां तेलाची बाटली धरून उभ्या असलेल्या माउलीला आपण काय उत्तर द्यावें? असें द्यावें : "बाई, बाटली क्षणभर खालीं ठेवा. आधीं पिंजरे सावलींत न्या. मग पेंडीचें पोतें उघडून वास घ्या, व पेंड घाण्याची कीं कारखान्याची तें पाहा. घाण्याची व ताजी असेल, तर तुमच्या सशांना तेल मिळतच आहे; तें बाटलींतलें मुलांच्या भाजीला वापरा. कारखान्याची असेल, तर चमच्यानें मोजून घाला, आणि पहिला वांटा पाजणाऱ्या मादीला द्या." एवढें केलें असतां दोन्ही शेजाऱ्यांचें म्हणणें आपापल्या जागीं बसतें.

अभ्यासाचे प्रश्न

१. गाईच्या व सशाच्या पचनांत मुख्य भेद कोणता? त्याचा तेलाशीं काय संबंध आहे?

२. घाण्याच्या व कारखान्याच्या पेंडींत किती तेल राहतें? आपल्या घरच्या दहा किलो आंबोणाचा हिशेब पाटीवर मांडून दाखवा.

३. तेल थोडेंच असेल तर तें कोणत्या सशाला आधीं द्यावें, व कां?

४. सरकीची पेंड म्हशीला चालते, सशाला कां चालत नाहीं?

५. १९१३ च्या प्रयोगांत नुसतें सूर्यफुलाचें तेल खाल्लेल्या सशांचें काय झालें? त्यावरून आपण काय शिकतों?

६. पेंडीला बुरशी लागल्याचें दिसल्यास काय करावें? वरची बुरशी खरवडणें पुरेसें कां नाहीं?

७. उन्हाळ्यांत ससे खाईनासे झाले, तर तेल देण्याआधीं कोणत्या तीन गोष्टी पाहाव्या?